फळीवरचे नाव

रात्री जागणाऱ्या बाजाराचे इंदूरकराला अप्रूप नसते. सोन्याचांदीची दुकाने बंद झाली की त्यांच्याच ओट्यांपुढे भुट्ट्याचा कीस आणि गराडू विकणारा आमचा सराफा ज्याने पाहिला, त्याला रात्रीच्या खाण्याबद्दल कोणी काय सांगावे! तरीही चिरंजीवांकडे जपानमधील कोबे शहरी महिनाभर राहिलो, तेव्हा जे पाहिले ते सराफ्याच्या अगदी उलट होते. सराफ्यात सारे उघड्यावर. तेथे सारे बंद दाराआड.

सान्नोमिया स्थानकाजवळ इकुता देवस्थान आहे. त्याच्या पूर्वेच्या गल्लीत अरुंद, उंच इमारती असून त्यांच्या कडेला खालपासून वरपर्यंत पाट्यांची उतरंड लागलेली. कितीतरी पाट्यांवर एकच शब्द : 'सुनाक्कु', म्हणजे 'स्नॅक'. मी भोळेपणाने फराळाची दुकाने समजलो. निनाद हसला. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकच्या सुमारास रात्री उशिरापर्यंत चालणाऱ्या मद्यालयांवर निर्बंध आले. तेव्हा 'आम्ही खाणेही देतो' असे सांगण्यासाठी हे नाव पुढे आले, असे त्याने सांगितले. नाव फराळाचे, व्यवसाय मद्याचा. शिक्षकाच्या मनात जे यायचे ते आले, पण मी बोललो नाही.

तिसऱ्या मजल्यावर खिडकी नसलेले एक दार होते. आत आठ-नऊ खुर्च्या, एक लांब लाकडी फळी आणि फळीपलीकडे साठीच्या एक बाई. त्यांना सारे 'मामा' म्हणत होते. आपला मामा आईचा भाऊ. तेथील 'मामा' म्हणजे आईच! गिऱ्हाइकाशेजारी बसून सरबराई करायची तर कायद्याने वेगळा परवाना लागतो, म्हणून या बाई रात्रभर फळीच्या पलीकडेच उभ्या. त्यांनी गरम ओला रुमाल दिला, न मागता लहानशा वाटीत उकडलेल्या शेंगा ठेवल्या आणि मी पीत नाही हे कळताच ऊलाँग चहा पुढे केला. नुसत्या बसण्याचेही दोन-तीन हजार येन पडतात. मी मनात रुपये करून पाहिले व पुन्हा ते धाडस केले नाही.

तेवढ्यात माझी नजर मागच्या फळीवर गेली. तेथे गिऱ्हाइकाने बाटली विकत घेऊन ठेवून द्यायची पद्धत आहे. तिच्या गळ्यात नावाची चिठ्ठी असते. जपानी अक्षरांच्या त्या रांगेत एका चिठ्ठीवर देवनागरीत 'निनाद' लिहिले होते. शिरोरेघ सरळ, 'नि' ऱ्हस्व. ज्या मुलाचे निरोप गेली कित्येक वर्षे फोनवर रोमन लिपीतून येतात, त्याचे हस्ताक्षर मला दारूच्या बाटलीवर दिसले!

तो खाली पाहत होता. माझ्या घशाशी एक प्रश्न आला होता, विचारला दुसराच.

"ही केव्हापासून आहे?"

"मार्चपासून, बाबा."

नोव्हेंबर चालू होता. बाटली निम्म्याहून अधिक भरलेली होती. गणित माझा विषय नव्हे, पण एवढे मला येते.

"मग इथे येऊन करतोस काय?"

"बोलतो. ऑफिसात कामाखेरीज कोणी बोलत नाही, आणि घरी तर भिंतीच."

मग कोणीतरी गाऊ लागले. कॅराओकेचा उगम पुष्कळजण याच शहरातला मानतात. १९७१ मध्ये दाइसुके इनोउए या वादकाने अशी अकरा यंत्रे तयार करून येथील मद्यालयांना भाड्याने दिली. एकस्वाधिकार मात्र घेतला नाही. अवघ्या जगाला गायला लावणारा माणूस हक्काच्या पैशाला मुकला. आपल्याकडील कित्येक शाहिरांचे तरी वेगळे काय झाले?

निनाद एक जपानी गाणे गायला. शब्द मला कळले नाहीत, सूर मात्र पक्के होते. घरी गणपतीतही तोंड न उघडणारा हा मुलगा! बाईंनी टाळ्या वाजवल्या आणि काही म्हणाल्या. त्याने त्याचा अर्थ सांगितला नाही. कान मात्र लाल झाले.

दुसऱ्या दिवशी सौ.चा इंदूरहून फोन आला. "काल रात्री दोघे होतात कुठे? मी दोनदा फोन लावला."

"निनादच्या ओळखीच्या एका बाईंकडे," मी म्हणालो, "गाण्याची बैठक होती."