रुळांवरचे राजवाडे आणि जयपूरचा एक दिवस

जयपूरच्या सिटी पॅलेसमध्ये चांदीचे दोन प्रचंड घडे ठेवलेले आहेत. उंची जवळजवळ माणसाएवढी आणि प्रत्येकाचे वजन तीनशे किलोंहून अधिक. १९०२ साली महाराजा सवाई माधोसिंह दुसरे हे सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी इंग्लंडला निघाले, तेव्हा त्यांनी या घड्यांत गंगाजल भरून घेतले. मुंबईहून त्यांनी ‘ऑलिंपिया’ नावाचे आख्खे जहाज भाड्याने घेतले होते. परमुलखात जायचे, पण आपले पाणी, आपले देवघर, आपले स्वयंपाकघर बरोबर न्यायचे, असा त्यांचा बेत होता.

प्रवास करावा पण घरची सोय सुटू नये, ही इच्छा काही केवळ महाराजांची नसते. मुंबईहून गोव्याकडे जाणाऱ्या सहलीच्या जहाजांना आज जी पसंती मिळते, तिच्यामागेही हेच कारण आहे. सामान एकदाच उघडायचे, जेवणाची चिंता नाही, रोज नवे गाव. जयपूरला समुद्र नाही, पण अशा प्रवासाचा रुळांवरचा अवतार तिथे नियमित येतो. ‘पॅलेस ऑन व्हील्स’, ‘डेक्कन ओडिसी’ आणि ‘महाराजाज् एक्सप्रेस’ या तिन्ही आलिशान गाड्यांच्या कार्यक्रमात जयपूरचा मुक्काम असतो.

एकेका प्रवाशाचे आठवड्याचे भाडे काही लाख रुपयांत जाते. त्यामुळे मध्यमवर्गीय कुटुंबाला हा बेत आयुष्यात एखाद्या वेळीच परवडेल. आईवडिलांच्या लग्नाचा पन्नासावा वाढदिवस, निवृत्तीनंतरची पहिली मोठी सहल किंवा परदेशातून आलेल्या मुला-नातवंडांसोबतची सुटी, अशा निमित्ताने घरात हा विषय निघतो. एवढा पैसा एकदाच खर्च होणार असेल, तर कोणत्या गाडीत काय मिळते आणि काय मिळत नाही, हे आधी नीट पाहिलेले बरे.

तीन गाड्या, तीन स्वभाव

सर्वांत जुनी ‘पॅलेस ऑन व्हील्स’. राजस्थान पर्यटन विकास महामंडळ आणि भारतीय रेल्वे यांनी मिळून २६ जानेवारी १९८२ रोजी ती सुरू केली. संस्थाने विलीन झाल्यावर राजेरजवाड्यांचे खासगी रेल्वेडबे धूळ खात पडले होते. त्यांतूनच या गाडीची कल्पना निघाली. पुढे १९९० च्या दशकात राजस्थानातील मीटरगेज रूळ ब्रॉडगेज झाले, तेव्हा गाडीही नव्याने बांधावी लागली. डब्यांना राजपुतान्यातील संस्थानांची नावे देण्याची पद्धत मात्र टिकली होती. दिल्लीहून निघून जयपूर, सवाई माधोपूर, चित्तोडगड, उदयपूर, जैसलमेर, जोधपूर, भरतपूर आणि आग्रा असा सात रात्रींचा फेरा ही तिची ओळख.

‘डेक्कन ओडिसी’ ही आपल्या महाराष्ट्राची. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळ आणि रेल्वे यांनी ती २००४ मध्ये सुरू केली. गडद निळ्या रंगाची ही गाडी कोकण, कोल्हापूर, वेरूळ-अजिंठा दाखवण्यासाठी जन्माला आली. पण तिच्या मुंबई-दिल्ली मार्गावरील फेऱ्यांत उदयपूर, जयपूर, आग्राही येतात. मराठी कुटुंबाला तिचा एक उघड फायदा आहे. मुंबईत बसून दिल्लीला उतरता येते, किंवा उलट.

‘महाराजाज् एक्सप्रेस’ तिघींत धाकटी आणि सर्वांत महागडी. २०१० मध्ये सुरू झालेली ही गाडी रेल्वेची आयआरसीटीसी ही कंपनी चालवते. तिच्या डब्यांना रत्नांची नावे आहेत. ‘नवरत्न’ नावाचा डबा तर संपूर्ण एकाच कुटुंबासाठी आहे. दोन शयनगृहे, बसायची-जेवायची खोली, स्वतंत्र स्नानगृहे, असे चालते-फिरते घरच ते. त्याचे भाडे ऐकून मात्र बहुतेक घरांत शांतता पसरेल. याच गाडीची दिल्ली, आग्रा, रणथंबोर, जयपूर अशी तीन रात्रींची छोटी फेरीही असते. आठवडाभराचा खर्च न झेपणाऱ्यांनी आधी तिची चौकशी करावी.

सेवा

सेवेच्या बाबतीत तिन्ही गाड्यांत फारसे उणे निघत नाही. एरवी हजारावर माणसे वाहून नेणारी रेल्वेगाडी इथे शंभराच्या आसपास किंवा त्याहूनही कमी प्रवासी घेऊन धावते. प्रत्येक डब्याला स्वतंत्र सेवक असतो. ‘पॅलेस ऑन व्हील्स’ने त्याला खिदमतगार हे जुने दरबारी नाव दिले. सकाळचा चहा, अंथरूण-पांघरूण, हरवलेला चष्मा शोधणे, आजोबांना पायरीवरून हात देणे, हे सारे तोच पाहतो. दोन भोजनगृहे, बार आणि बसायला दिवाणखान्यासारखा डबा तिन्हीकडे आढळतो. ‘डेक्कन ओडिसी’त आयुर्वेदिक मसाज आणि व्यायामाची सोयही आहे.

स्टेशनावर उतरल्यावर वातानुकूलित बस तयार असते, वाटाड्या सोबत असतो, तिकिटांच्या रांगेत उभे राहावे लागत नाही. ज्यांना गुडघ्यांचा त्रास आहे, ज्यांना हिशेब, रिक्षा आणि घासाघीस यांचा कंटाळा आहे, त्यांच्यासाठी या गोष्टींची किंमत फार मोठी आहे. तरुण मुले कितीही प्रेमाने आईवडिलांना सहलीला घेऊन गेली, तरी सामान कोणी उचलायचे आणि रिक्षा कोणी ठरवायची, यावरून दिवसातून एकदा तरी चिडचिड होतेच. गाडीत ती होत नाही.

तरीही दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. गाडी बरीचशी रात्री धावते आणि पलंग कितीही मऊ असला तरी रूळ आपला आवाज करतातच. ज्यांना प्रवासात झोप लागत नाही, त्यांना इथेही लागेल याचा भरवसा नाही. दुसरे म्हणजे, चाकांवरची खोली ती चाकांवरचीच. स्नानगृह खोलीला जोडलेले असले, तरी ते घरच्याएवढे ऐसपैस नसते.

वातावरण

या गाड्या मुख्यतः परदेशी पाहुण्यांना डोळ्यांपुढे ठेवून सुरू झाल्या आणि त्यांच्या वातावरणावर ती छाप आहे. संध्याकाळी मंडळी नीटनेटका पोशाख करून जेवायला येतात, पदार्थ एकामागून एक वाढले जातात, गप्पा हळू आवाजात चालतात. नवराबायकोला किंवा निवृत्त जोडप्याला हे आवडेल. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला मात्र तिसऱ्याच संध्याकाळी कंटाळा येईल. धावायला अंगण नाही, बरोबरीचे सवंगडी मिळतीलच असे नाही. मोठ्या जहाजावर मुलांसाठी पोहण्याचा तलाव, खेळ, नाचगाणी असतात. गाडीच्या अरुंद डब्यात ते शक्यच नाही.

आणखी एक बाब हिशेबाची. या गाड्यांतील खोली साधारणपणे दोघांची असते. चौघांच्या कुटुंबाला बहुधा दोन खोल्या घ्याव्या लागतात. म्हणजे खर्च तर वाढतोच, शिवाय रात्री आई एका खोलीत आणि धाकटे दुसऱ्या खोलीत, अशी वाटणी होते. मुलांसाठी सवलत असते, पण तिच्या वयाची अट गाडीगणिक वेगळी असल्यामुळे ती आधी लेखी विचारून घ्यावी.

मोबदला आणि जयपूरचे घड्याळ

भाड्यात राहणे, जेवण, बस, वाटाड्या आणि प्रवेशशुल्क येते. कर, पेये, कपडे धुणे, बक्षिसी यांचे नियम ठिकठिकाणी वेगळे असतात. पण खरा हिशेब रुपयांचा नसून वेळेचा आहे. सात रात्रींच्या फेरीत जयपूरच्या वाट्याला एक दिवस येतो.

महाराजा सवाई जयसिंह दुसरे यांनी १७२७ साली हे शहर वसवले. चौकटीत आखलेले रस्ते, प्रशस्त बाजारपेठा आणि एकसारखी दुकाने यांमुळे ते आजही वेगळे उठून दिसते. २०१९ मध्ये युनेस्कोने या तटबंदीच्या शहराला जागतिक वारशाचा दर्जा दिला. एका दिवसात आमेरचा किल्ला, सिटी पॅलेस, जंतरमंतर आणि बसच्या खिडकीतून हवामहल, एवढे होते. ते पाहण्यासारखेच आहे. पण जयपूरची गोडी थांबण्यात आहे.

जंतरमंतरचेच पाहा. तिथले सम्राट यंत्र २७ मीटर उंच आहे आणि दगडी कमानीवर पडणाऱ्या त्याच्या सावलीवरून वेळ समजते. ही सावली सेकंदाला सुमारे एक मिलिमीटर सरकते. म्हणजे मिनिटाला साधारण चार बोटे. मुलाने सावलीच्या कडेवर बोट ठेवावे आणि उभे राहावे. डोळ्यांदेखत सावली बोटापुढे निघून जाते. पृथ्वी फिरते हे पुस्तकातले वाक्य त्या क्षणी खरे होते. यासाठी पाच-दहा मिनिटे निवांत उभे राहता आले पाहिजे आणि वाटाड्याची शिट्टी वाजता कामा नये.

तीच गोष्ट जोहरी बाजारातल्या घेवराची, कढईतून नुकत्याच निघालेल्या प्याज कचोरीची, बापू बाजारात मोजडीच्या किमतीवरून होणाऱ्या घासाघिशीची. शहराबाहेर सांगानेरला कापडावर लाकडी ठसे उमटवणारे कारागीर आहेत. नाहरगडावरून संध्याकाळी सगळे शहर दिव्यांनी उजळताना दिसते. गाडीच्या एका दिवसात यांतले फार तर एखादे जमते.

दुसरा मार्ग

मुंबई सेंट्रलहून संध्याकाळी निघणारी जयपूर सुपरफास्ट दुसऱ्या दिवशी दुपारी जयपूरला पोहोचवते. आजी-आजोबांना वातानुकूलित पहिल्या वर्गात बसवले, तरी आलिशान गाडीच्या भाड्याच्या तुलनेत तो खर्च किरकोळच आहे. जयपुरात राजवाड्यात राहण्याची हौसही पुरवता येते. रामबाग पॅलेस १९५७ मध्येच हॉटेल झाला. तिथे एक रात्र राहणे हा मोठा खर्च आहे, पण आठवड्याच्या गाडीभाड्यापुढे तोही लहान ठरेल. त्याहून कमी खर्चात सरदार-ठाकुरांच्या जुन्या हवेल्या आहेत. जनरल अमरसिंह यांनी १९२८ मध्ये बांधलेला नारायण निवास आणि गंगापोळजवळची सामोद हवेली ही त्यांतली माहीत असलेली नावे. अशा ठिकाणी मुलांना चौक मिळतो, गच्ची मिळते, मोर दिसतात आणि संध्याकाळी सगळे कुटुंब एकत्र बसू शकते.

इथे सेवक डब्याच्या दाराशी उभा नसतो हे खरे. गाडी ठरवणे, तिकिटे काढणे, दुपारी कोणी दमले तर बेत बदलणे, हे घरातल्याच कोणाला तरी करावे लागते. मात्र चांगला ओळखपत्रधारक वाटाड्या आणि दिवसभराची मोटार घेतली, की त्यातला बराच त्रास कमी होतो.

मग निवड कशी करावी?

घरातली दोनच वडीलधारी माणसे जाणार असतील, त्यांना पायपीट नको असेल आणि अनेक शहरांचे ओझरते दर्शन चालणार असेल, तर आलिशान गाडी त्यांना सुख देईल. राजस्थानच पाहायचा असेल तर ‘पॅलेस ऑन व्हील्स’चा मार्ग सर्वांत भरगच्च. मुंबईहून निघण्याची सोय हवी असेल तर ‘डेक्कन ओडिसी’. केवळ अनुभव म्हणून थोडे दिवस जायचे असेल तर ‘महाराजाज् एक्सप्रेस’ची छोटी फेरी.

पैसे भरण्यापूर्वी काही प्रश्न विचारावेत. जयपुरात प्रत्यक्ष किती तास मिळतील? आमेरच्या चढावर वृद्धांसाठी वाहन मिळेल का? शाकाहारी किंवा बिनमसाल्याचे जेवण रोज मिळेल का? फेरी रद्द झाली तर पैसे केव्हा परत मिळतील? शेवटचा प्रश्न उगाच नाही. २०२० च्या साथीत या गाड्या बंद पडल्या. ‘पॅलेस ऑन व्हील्स’ २०२२ मध्ये आणि ‘डेक्कन ओडिसी’ २०२३ मध्ये पुन्हा रुळांवर आली. मध्यंतरी कार्यक्रम आणि व्यवस्थाही बदलल्या. म्हणून जुन्या पत्रकावर विसंबू नये. हंगाम साधारण ऑक्टोबर ते एप्रिलचा. डिसेंबर-जानेवारीत जायचे तर लोकरीचे कपडे हवेत, जयपूरची पहाट चांगलीच गार असते.

शाळकरी मुले बरोबर असतील तर मात्र निर्णय सोपा आहे. जयपूरला तीन-चार दिवस द्यावेत, हवेलीत राहावे आणि वाचलेल्या पैशांत पुढच्या वर्षीची सहल करावी. आलिशान गाडी माणसाला काळजीतून मोकळे करते. पण मुलांना मोकळे सोडायला अंगण लागते, वेळ लागतो. आईवडिलांना विसावा आणि मुलांना अंगण, या दोहोंपैकी या वेळी कोणाची पाळी आहे, एवढे घरात बसून ठरवले की गाडीची निवड आपोआप होते.