उन्हाळ्याची उधारी

डिसेंबर लागला की बल्लारपुरात वर्धेकडून गारठा येतो आणि माझी जुनी डिझेल गाडी सकाळी रुसते. दुपारी मात्र एका चावीत सुरू! शेजाऱ्यांचं ठरलेलं निदान: 'बॅटरी बदला.' मला ही घाई पटत नाही. आधी कान द्यावा. स्टार्टर रेंगाळत फिरला तर बॅटरी, टर्मिनल किंवा अर्थिंगची वायर बघायची. आज तो झपाझप फिरत होता. सायलेन्सरमधून पांढरा धूर, त्याला कच्च्या डिझेलचा वास. म्हणजे डिझेल पोचतंय, पेटत नाही. या इंजिनात ठिणगी नसते. दाबून तापलेल्या हवेनेच डिझेल पेट घेतं आणि गारठलेल्या इंजिनाला लागणारी ऊब ग्लो प्लग देतो. मिस्त्रीने मीटर लावला. चांगला प्लग एखादा ओहम दाखवतो. चारांतले दोन काहीच दाखवेनात. जळालेले.

रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.४ व्होल्ट भरली. पूर्ण चार्ज असती तर १२.६ असती. इकडचा मे महिना, पारा ४५ च्या वर, बॅटरीला आतून खातो, कळतं थंडीत. असो, तूर्त ती चालेल. प्लग चंद्रपूरहून यायचेत, तोवर धाकट्याची बाईक.