ॲपलॅचियाच्या ओसरीवर

अमेरिकेच्या पूर्व भागातील ॲपलॅचियन पर्वतरांग जगातील अतिप्राचीन पर्वतांत गणली जाते. शासकीय व्याख्येनुसार हा प्रदेश 13 राज्यांत पसरला असून त्यांपैकी केवळ वेस्ट व्हर्जिनिया हे राज्य संपूर्णपणे त्यात येते. दक्षिणेकडील डोंगरवासी या नावात ‘लॅच’ म्हणतात. ‘लेश’ म्हणणारा परका, हे त्यांना तत्काळ कळते. म्हणूनच तेथे काम करू इच्छिणाऱ्या समुपदेशकांसमोर जी व्याख्याने होतात, त्यांत मनोविकारांच्या बरोबरीने डोंगराचा इतिहासही सांगावा लागतो.

तो इतिहास बव्हंशी कागदांचा व हिशेबांचा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस केंटकीच्या डोंगरांत दलाल आले. त्यांनी अत्यल्प मोबदल्यात शेतकऱ्यांकडून जमिनीखालील खनिजांचे हक्क लिहून घेतले. पुढे अवजड यंत्रे आली आणि त्याच कागदांच्या आधारे वरची शेतेही उकरली गेली. केंटकीच्या मतदारांनी त्यास आळा घातला तो 1988 मध्ये. खाणवस्त्यांत घर कंपनीचे आणि दुकानही कंपनीचेच असे. अनेक ठिकाणी मजुरी कंपनीच्या नाण्यांत मिळे व उधारी मजुरीतून परस्पर कापली जाई. जेथे गिऱ्हाइकास दुसऱ्या दुकानाची वाट मोकळी नाही, तेथे व्यापार उरत नाही; उरते ती वेठ.

1996 मध्ये ऑक्सीकॉन्टिन ही वेदनाशामक गोळी बाजारात आली. खाणकामाने शरीरे झिजलेल्या या प्रदेशात ती व्यसन होऊन पसरली आणि असंख्य घरे उद्ध्वस्त झाली. साहाय्याची निकड एवढी मोठी असतानाही पुष्कळ लोक समुपदेशकाच्या दारी जात नाहीत. बाहेरून आलेल्या गोड शब्दांची किंमत पिढ्यान्‌पिढ्या मोजली असल्याने त्यांचा हा संकोच निव्वळ अज्ञान म्हणता येत नाही.

केंटकीतील बेरिया महाविद्यालयाचे अभ्यासक लॉयल जोन्स यांनी डोंगरवासीयांची जी मूल्ये नोंदविली, त्यांत स्वावलंबन, कुटुंबनिष्ठा, शेजारधर्म, विनय व भूमीची ओढ यांचा समावेश आहे. ही मूल्ये ओळखून काम करणाऱ्यांना दारे उघडी झाली. स्वतःची दोन्ही अपत्ये गमावलेल्या मेरी ब्रेकिन्रिज यांनी 1925 मध्ये केंटकीत परिचारिका-सेवा सुरू केली. तत्पूर्वी त्या घोड्यावरून घरोघर फिरल्या आणि तेथील सुईणींचे अनुभव त्यांनी ऐकून घेतले. पुढे त्यांच्या परिचारिकाही घोड्यावरूनच डोंगर चढू लागल्या.

आजच्या समुपदेशकापुढेही हाच प्रश्न आहे. ‘तुम्ही कोणाचे, कुठले?’ असे त्यास प्रथम विचारले जाते. स्वतःविषयी फारसे बोलू नये हे व्यावसायिक शिक्षण येथे आड येते. उत्तर टाळणारा मनुष्य विश्वासास पात्र ठरत नाही. पुढे एखादी वृद्धा घरच्या बागेतील टोमॅटो किंवा मुरंब्याची बरणी घेऊन येते. नियमांवर बोट ठेवून ती भेट परत केल्यास तिचा मान दुखावतो. दुसऱ्याचे ऋण अंगावर ठेवणे तिला मानवत नाही. बरणी दिल्याने तिच्या दृष्टीने हिशेब बरोबरीचा होतो आणि पुढच्या आठवड्यात ती ताठ मानेने पुन्हा येऊ शकते. त्या बरणीचा स्वीकार हाही तेथे उपचाराचाच भाग ठरतो.