नामदाफाच्या अरण्यात, धम्मबांधवांच्या शेजारी

अरुणाचल प्रदेश म्हटले की आपल्याला तवांगचा मठ आणि बर्फाचे डोंगर आठवतात. परंतु याच राज्याच्या पूर्व टोकाला, म्यानमारच्या सीमेला लागून, सदाहरित जंगलाचा एक अफाट मुलूख आहे. त्याचे नाव नामदाफा राष्ट्रीय उद्यान. यंदाच्या हिवाळ्यात आम्ही तीन कुटुंबांतील मंडळी तिकडे जाऊन आलो.

आसामातील तिनसुकिया स्टेशनवर उतरावे. तेथून मार्गेरिटा, लेडो, जागून असे करीत गाडीने मियाव गाव गाठता येते. अरुणाचलात शिरायला इनर लाइन परमिट लागते. ते आधीच काढून ठेवावे, म्हणजे बायकामुलांचे हाल होत नाहीत. मियावहून देबानचे वन विश्रामगृह सुमारे २५ किलोमीटर. पावसाळ्यात रस्ता बिकट आणि जळवांचा त्रास फार. म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ बरा.

देबानला खाली नोआ-दिहिंग नदी गोट्यांवरून खळाळत वाहते. तिचे पाणी पुढे ब्रह्मपुत्रेत जाते. काठावर होलोंगची झाडे सरळ आभाळात गेलेली. पहाटे हुलॉक या बिनशेपटीच्या वानरांची हाक साऱ्या दरीत घुमते. १९८५ चौरस किलोमीटरच्या या उद्यानाची उंची सुमारे २०० मीटरपासून ४५७१ मीटरपर्यंत आहे. खाली दमट रान, वर बर्फ. त्यामुळे वाघ, बिबट्या, लामचित्ता आणि हिमबिबट्या या चौघांचे नाव एकाच जंगलाशी जोडले गेले आहे. आम्हाला वाघ दिसला नाही; धनेश पक्षी मात्र पोटभर पाहिले.

पण आमच्या मनात घर केले ते मियावच्या परिसरातील चकमा वस्त्यांनी. हे लोक थेरवादी बौद्ध. संध्याकाळी त्यांच्या विहारात गेलो. भाषा एकमेकांना कळत नव्हती. मात्र त्रिशरण सुरू होताच आमची मुलेही त्यांच्या सुरात सूर मिसळून म्हणू लागली. पाली शब्द तेच, हात जोडणे तेच.

हे लोक येथे हौसेने आलेले नाहीत. तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात कर्णफुली नदीवर काप्ताई धरण बांधले गेले. १९६० नंतरच्या काळात त्याच्या पाण्याखाली चितगाव डोंगरी भागातील गावे आणि भातखाचरे गेली. सुमारे एक लाख माणसे उठली. १९६४ ते १९६९ या काळात भारत सरकारने त्यांतील हजारो चकमा आणि त्यांच्याबरोबरचे हाजोंग यांना या प्रदेशात वसवले. धरणाखाली गाव गेलेल्या माणसाचे दुःख महाराष्ट्रात कोणाला समजावून सांगायला नको.

त्यांची मुले-नातवंडे याच मातीत जन्मली. तरीही नागरिकत्वासाठी त्यांना कोर्टाची पायरी चढावी लागली. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या जीविताचे रक्षण करण्याचा आदेश राज्याला दिला. २०१५ साली पात्र लोकांना तीन महिन्यांत नागरिकत्व देण्यास सांगितले. तरी बहुतेकांचा प्रश्न अजून लोंबकळतच आहे. जंगलाला १९८३ साली राष्ट्रीय उद्यान म्हणून कायद्याचे छत्र मिळाले, आणि ते योग्यच झाले. पण जंगलाशेजारच्या माणसाचे काय?

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. सिंगफो, तांगसा, लिसू हे तेथील आदिवासी. सिंगफो तर आपल्यासारखेच बौद्ध. बाहेरची वस्ती वाढली तर आपली जमीन जाईल, ही स्थानिकांची भीती खोटी नाही. लिसूंची काही घरे उद्यानाच्या हद्दीत आल्याने त्यांनाही अतिक्रमणवाले ठरवले जाते. म्हणजे गरिबाला गरिबाविरुद्ध उभे राहावे लागते. यातून वाट काढायची ती कायद्याने आणि मैत्रीनेच.

ऑगस्ट १९४९ मध्ये नागरिकत्वाची कलमे घटना समितीपुढे बाबासाहेबांनी मांडली. मतदार यादीतले आपले नाव आपण सहज धरून चालतो. त्या नावाची किंमत काय, ते मियावच्या वस्तीत कळते.

वाचक बंधू-भगिनींनो, बुद्धगया, सारनाथ, कुशीनगर आपण पाहतोच, पाहावेच. त्याबरोबर कधी पैसे साठवून नामदाफालाही जा. नदी पाहा, अरण्य पाहा आणि मुलांना घेऊन तेथील विहारात थोडा वेळ बसा. आपला धम्मपरिवार किती दूरवर पसरला आहे हे त्यांना कळेल, आणि त्यातल्या काहींना अजून काय मिळायचे आहे तेही कळेल.

जयभीम!