जादा स्वल्पविराम

पार्सर म्हणजे प्रोग्रॅमचा लिखित मजकूर वाचून भाषेच्या व्याकरणानुसार त्याची फोड करणारा घटक. शुद्ध मजकुराची योग्य फोड करणे आणि अशुद्ध मजकूर नाकारणे ही त्याची दोन कर्तव्ये होत. पहिल्यात कसूर झाली तर तक्रार लगेच येते. दुसऱ्यातली कसूर मात्र वर्षानुवर्षे लपून राहू शकते, कारण चुकीचे लिहूनही ज्याचा प्रोग्रॅम चालतो, त्याला तक्रार करण्याचे कारणच उरत नाही.

पायथॉन भाषेत २००४ साली, २.४ या आवृत्तीत, 'जनरेटर एक्स्प्रेशन' ही मागणीनुसार एकेक मूल्य तयार करून देणारी रचना आली. ती स्वतंत्र कंसात लिहावी लागते. फंक्शनला दिलेले ते एकमेव आर्ग्युमेंट असेल, तरच फंक्शनचा कंस तिला पुरतो, आणि तेव्हा तिच्या मागेपुढे स्वल्पविराम चालत नाही. तरीही तिच्यानंतर आलेला जादा स्वल्पविराम पार्सर मुकाट्याने स्वीकारत असे. व्याकरणाचा नियम सैल ठेवून खरी अट पुढच्या तपासणीवर सोपवलेली होती. ती तपासणी आर्ग्युमेंटे मोजत असे, आणि शेवटच्या स्वल्पविरामाने त्यांची संख्या वाढत नसल्याने तिला काही वावगे दिसत नसे. जून २०१८ मधील ३.७ या आवृत्तीपासून ही चूक दुरुस्त होऊन असा मजकूर नाकारला जाऊ लागला.

सैलपणामुळे कधीकधी अर्थही बदलतो. पायथॉनमध्ये अंकाला चिकटून आलेला 'फॉर' हा राखीव शब्द चालत असे. परंतु सोळा पायाच्या संख्यालेखनात 'एफ' हाही अंकच असल्याने, तेथे एकाला चिकटलेल्या 'फॉर'मधील 'एफ' संख्येत ओढला जाऊन एकाचे एकतीस होत आणि मागे 'किंवा' या अर्थाचा 'ऑर' उरे. त्यावर २०२१ च्या ३.१० आवृत्तीत सौम्य इशारा आला आणि २०२३ च्या ३.१२ आवृत्तीत तो अधिक ठळक झाला. दुरुस्तीला अशा पायऱ्या लागतात, कारण एकदा स्वीकारलेली अशुद्ध रचना लोकांच्या चालत्या प्रोग्रॅममध्ये रुजते आणि नंतरचा नकार त्यांना अन्याय वाटतो.

म्हणून पार्सर घडवणाऱ्याने स्वीकारायच्या नमुन्यांइतकेच नाकारायचे नमुनेही पहिल्या दिवसापासून चाचण्यांत ठेवावेत. वेळेवर दिलेला स्पष्ट नकार हाच पार्सरचा खरा सौजन्यधर्म आहे.