नवसारीच्या माणसाचं अंतराळ

सुरतेतल्या पर्वत पाटियाच्या सोसायट्यांतल्या आम्हा खान्देशी घरांत १९९८ साली टीव्ही म्हणजे दूरदर्शनच. गच्चीवरचा अँटेना वाऱ्याने फिरला की एकाने वर चढायचं, दुसऱ्याने खिडकीतून ओरडायचं, ‘आलं, आलं… गेलं!’ तोवर आत ‘कॅप्टन व्योम’ ही अंतराळातली मालिका सुरू झालेली असायची. रात्रपाळी करून आलेले वडील भिंतीकडे तोंड करून झोपलेले, म्हणून आवाज बारीक. आई आणि काकू साड्यांचा ढीग पुढ्यात घेऊन धागाकटिंगला बसलेल्या. भरतकामाच्या मागे सुटलेले धागे छोट्या कातरीने कापायचे, साडी फिरवायची, घडी बाजूला. पडद्यावर स्फोट झाला की कातर थांबायची. मोठी आई विचारायची, ‘काय चालू शे रे हाई?’ इसवी सन २१२३, साऱ्या पृथ्वीचं एकच सरकार, तुरुंगातून पळालेले बारा गुन्हेगार… हे अहिराणीत समजावताना आमची त्रेधा उडायची. ती शांतपणे ऐकून घ्यायची, आणि पुढच्या खेपेला ‘किती धरले?’ हे तीच आधी विचारायची.

व्योम झालेला मिलिंद सोमण आम्हाला अलिशा चिनॉयच्या ‘मेड इन इंडिया’ गाण्यातल्या लाकडी खोक्यातून निघालेला माहीत होता. विश्वप्रमुख होते टॉम ऑल्टर. हे सगळं उभं करणारा माणूस मात्र आमच्या अगदी शेजारचा. दिग्दर्शक केतन मेहता यांचा जन्म १९५२चा, नवसारीचा. सुरतेहून तीसेक किलोमीटर.

पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये ते दिग्दर्शन शिकले आणि इस्रोच्या अहमदाबादमधल्या अवकाश उपयोग केंद्रात टीव्ही कार्यक्रमांचे निर्माते झाले. उपग्रहावरून खेड्यापाड्यांत टीव्ही पोचवण्याचा इस्रोचा प्रयोग त्याच सुमाराचा, १९७५-७६चा. अंतराळाची मालिका करणारा माणूस अंतराळ संस्थेतच टीव्ही शिकला, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

१९८० साली त्यांनी गुजरातीत ‘भवनी भवाई’ केला. त्यात स्मिता पाटील होत्या, मोहन गोखले होते. तो चित्रपट त्यांनी भवाई या लोकनाट्याचे आद्य कर्ते असाइत ठाकर आणि नाटककार ब्रेख्त यांच्याबरोबर ‘अॅस्टेरिक्स’ कॉमिक्सचे लेखक गोसिनी यांनाही अर्पण केला. लोकनाट्य आणि चित्रकथा यांना एका पंगतीत बसवणारा हा दिग्दर्शक. पुढे ‘मिर्च मसाला’, ‘सरदार’ असे चित्रपट केल्यावर तो मुलांसाठी अंतराळात गेला, तर त्यात नवल ते काय?

अमेरिकेत जीन रॉडनबेरी यांची ‘स्टार ट्रेक’ ही अंतराळमालिका १९६६ सालीच सुरू झाली होती. आमच्या घरांत ती पोचली नव्हती. आम्हाला भविष्यकाळ दाखवला तो मेहतांनी, आणि त्यात हुकूम देणारी, यान चालवणारी, जग वाचवणारी माणसं आपल्यासारखी बोलत होती. संगणकावर काढलेली ती यानं आज कच्ची दिसतात. दिसू देत. तेव्हा आपल्याकडे एवढ्या मोठ्या प्रमाणावर ते करायला धजणारे फार थोडे होते. मेहतांनी नुसती मालिका करून हात झटकले नाहीत. अभिनेत्री दीपा साही यांच्यासह त्यांनी २००१ साली अॅनिमेशन शिकवणारी ‘माया अकादमी’ही काढली.

मेहतांचं नाव निघालं की लोक ‘मिर्च मसाला’ म्हणतात, आणि ते योग्यच आहे. पण त्याच दमात ‘कॅप्टन व्योम’ही म्हणा. तुमच्याही घरी ती मालिका पाहिली गेली असेल, तर कोण कुठे बसायचं, काय विचारायचं, ते घरातली जुनी माणसं आहेत तोवर लिहून ठेवा.