बांधाच्या अल्याड-पल्याड

फ्रान्सच्या बर्गंडीतल्या द्राक्षवेली जेमतेम कमरेला लागतात. नाशिककडच्या मांडवाखालून फिरलेल्या माणसाला हे पटायला वेळ लागतो. एका हेक्टरात दहा-दहा हजार वेली, आणि दोन ओळींमधली जागा इतकी चिंचोळी की साधा ट्रॅक्टर त्यात शिरायचाच नाही. म्हणून इथले ट्रॅक्टर उंच पायांचे. वेलींची ओळ चाकांच्या मधे घेऊन ते थेट तिच्या डोक्यावरून जातात. आपल्याकडे एप्रिलात खरडछाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी. इथे थंडीत वेल निजते, छाटणी एकदाच.

बोनहून उत्तरेला दिजाँकडे निघालं की डाव्या हाताला एक बुटकी डोंगररांग सोबत चालते. तिचा पूर्वेकडचा उतार म्हणजे जगातली महागड्यांतली महागडी शेतजमीन! तांबड्या वाइनसाठी इथे द्राक्ष मुख्यतः एकच, पिनो न्वार. 1395 मध्ये इथला ड्यूक फिलिप यानं गामे ही भरघोस पिकणारी जात उपटून टाकायचा हुकूम काढला होता. द्राक्ष एक, पाऊस एक, शेतकरी शेजारी-शेजारी. मग भावात आभाळ-पाताळाचं अंतर का? तर जमीन. उताराच्या माथ्यावर माती पातळ, पायथ्याशी रस्त्याकडेला जड आणि पाणी धरणारी. भाव खातो तो मधला पट्टा. तिथल्या तुकड्या-तुकड्याला शतकानुशतकांचं नाव, हद्द आणि दर्जा आहे. 2015 मध्ये युनेस्कोनं हे तुकडे जागतिक वारशाच्या यादीत घातले. आपल्याकडे बांधावरून कोर्टकचेऱ्या होतात, यांना मानपत्र मिळालं.

वोन-रोमाने गावामागे रोमाने-काँती हे शेत आहे. जेमतेम साडेचार एकर. एक दगडी क्रूस, गुडघ्याएवढी भिंत आणि ‘कृपया रस्त्यावरूनच पाहा’ अशा अर्थाची पाटी. पहारेकरी दिसला नाही. वर्षाला साधारण पाच-सहा हजार बाटल्या निघतात, आणि एकेकीचा भाव रुपयांत मोजला तर काही लाख. लोक येतात, फोटो काढतात, आणि का कोण जाणे, हळू आवाजात बोलतात. ती वाइन मी चाखलेली नाही. चाखण्याची शक्यताही नाही.

जे चाखलं ते एका छोट्या उत्पादकाच्या तळघरात. दगडी कमानी, भिंतींवर काळी बुरशी, 228 लिटरच्या ओक लाकडाच्या पिंपांची रांग. मालकानं काचेच्या लांब नळीनं पिंपातून वाइन ओढून पेल्यात सोडली. आधी तांबडी, पांढरी नंतर, हा इथला उलटा शिरस्ता. आणि मग ते थुंकणं! घोट तोंडात खळखळवायचा, त्यावरून हवा ओढायची आणि सरळ थुंकून टाकायचा. इतकी किमती वस्तू अशी टाकताना हात नव्हे, जीभच आखडते. पण पिंपांची रांग पाहिली की शहाणपण सुचतं.

गावाच्या नुसत्या नावानं विकली जाणारी वाइन पहिली: फिकट माणिकरंगी, लाल चेरीचा वास, नेटका आंबटपणा, घोट गेला की विषय संपला. नंतर त्याच माणसाची, त्याच वर्षीची, पण उतारावर जरा वरच्या ‘प्रीमिए क्रू’ तुकड्यातली. वासात चेरीमागे ओला पाचोळा, अळंबी. तुरटपणा बारीक, आणि चव घशात कितीतरी वेळ रेंगाळणारी. फरक होता, माझ्यासारख्या हौशी जिभेलाही कळण्याइतका. सर्वांत वरच्या दर्जाची, ‘ग्रां क्रू’, मात्र कोवळी असल्यानं मुठी आवळून बसली होती. दहा वर्षांनी ती काय होईल हे मालकाला दिसत होतं. मला फक्त लाकूड आणि तुरटपणा लागला. तरीही भाव चौपट! इथे माझा जमिनीवरचा विश्वास थोडा डळमळला.

तो आणखी डळमळला क्लो द वूजोपाशी. सिस्टर्शियन साधूंनी बाराव्या शतकापासून जमवलेलं, भिंतीनं वेढलेलं हे सुमारे 50 हेक्टरांचं शेत. फ्रेंच राज्यक्रांतीत चर्चच्या जमिनी सरकारजमा होऊन विकल्या गेल्या. पुढे वाटण्या आणि विक्र्या होत आज इथे सुमारे 80 मालक आहेत. कुणाच्या वाट्याला काही ओळीच. शेत उताराच्या वरच्या अंगापासून थेट खालच्या रस्त्यापर्यंत पसरलेलं, म्हणजे चांगली माती आणि चिखलट माती एकाच भिंतीच्या आत, एकाच ‘ग्रां क्रू’ दर्जाखाली. बोनच्या दुकानात याच नावाच्या दोन मालकांच्या बाटल्यांतून घोट-घोट घेतला. एक भारदस्त, दुसरी पाणचट. लेबलावर शेताचं नाव तेच, ठळक अक्षरांत.

तेव्हा बर्गंडीची बाटली घ्यायची झाली, तर शेताचं नाव नंतर वाचा; आधी खालच्या बारीक अक्षरांतलं उत्पादकाचं नाव शोधा. चांगल्या माणसाची साधी गाववाइन आळशी माणसाच्या ‘ग्रां क्रू’पेक्षा केव्हाही बरी, आणि खिशालाही परवडते.